गावात नेमबाजी रेंज काढायची आहे? आधी भिंतीपलीकडच्या घरी जा

आसपासच्या गावांतून मला अधूनमधून एकाच धर्तीचे फोन येतात. "दादा, पोट्ट्यांसाठी एअर रायफलची रेंज काढणार होतो. दोनशे सह्या झाल्या, साहेबांचं पत्र आलं, नारळही फुटला. अन् ग्रामसभेत एक बाई उभी राहिली, सगळं तिथंच बसलं." मी विचारतो, त्या बाईचं घर कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: रेंजच्या जागेला लागून.

इथे क्रम चुकलेला असतो. पत्र आधी येतं, पैशाची बोलणीही आधी होतात, आणि ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागणार त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. खालचा क्रम १० मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूल रेंजचा आहे, गावातल्या एखाद्या जुन्या इमारतीत बसेल अशा. काडतुसाच्या बंदुकीची रेंज हे वेगळं प्रकरण आहे. तिला शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो, मोठी मोकळी जागा आणि मातीचे उंच बांध लागतात. पहिल्याच प्रयत्नात तिच्या वाटेला जाऊ नका, आणि गावात बोलताना दोन्हींची गल्लत कुणालाही करू देऊ नका.

वेळेचाही हिशेब धरा. सोयाबीन काढणी ते कापूस वेचणी, म्हणजे सप्टेंबरअखेर ते जानेवारी, कुणालाही बैठकीला बोलावू नका. फेब्रुवारीत कागदपत्रं, होळीनंतर संध्याकाळी घरोघर बोलणी आणि १ मेच्या ग्रामसभेत ठराव, असं धरलं तर कास्तकाराला निवांत ऐकायला वेळ मिळतो.

टप्पा १: एका पानावर लिहा

गावात तोंड उघडण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा. लेन, म्हणजे एकेका नेमबाजाच्या पट्ट्या, किती? शिकवणार कोण? बंदुका रात्री कुठे राहणार? रेंज किती वाजता उघडणार आणि बंद होणार? काही झालं तर कुणाच्या दारात जायचं?

मापं आधी पक्की करा. नेम धरणाऱ्याच्या रेषेपासून टार्गेट १० मीटरवर आणि टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच. प्रत्येक लेन निदान १ मीटर रुंद. टार्गेटमागे छर्रे अडवायला एक मीटर, नेमबाजांच्या पाठीमागे बसायला-वावरायला चार मीटर. म्हणजे चार लेनसाठी आतून साधारण १५ मीटर लांब आणि साडेपाच-सहा मीटर रुंद जागा लागते. शाळेच्या एका वर्गखोलीत हे बसत नाही. दोन खोल्यांमधली भिंत पाडून बसवायचं असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय घणाला हात लावू नका.

सगळ्यांत अवघड प्रश्न शिकवणाऱ्याचा. गावात निवृत्त फौजी असला की लोक म्हणतात, प्रश्न मिटला. शिस्तीसाठी फौजी उत्तमच, पण मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलचा, श्वास, ट्रिगर, उभं राहणं हे वेगळं शिक्षण आहे. त्यांनाही आधी शिकू द्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या रायफल संघटनेकडे जाऊन आठवड्यातून दोन दिवस येईल असा प्रशिक्षक मिळतो का ते विचारा.

पडताळणी: पाचांपैकी एकाही प्रश्नासमोर "बघू" लिहिलं असेल तर टप्पा २ कडे जाऊ नका. लोक नेमकं तेच विचारतील.

टप्पा २: जागेचा कागद

विदर्भात बहुतेक बेत इथेच घसरतात, आणि तेही उशिरा, लोकांनी आशा धरल्यावर. म्हणून जागेचं नाव गावात घेण्याआधी सातबारा काढा. इमारत असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा घ्या. मग पुढच्या नोंदी बघा.

झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ही नोंद असली की तिथेच थांबा. जमीन उघडी-बोडकी दिसत असली, गुरं चरत असली, तरी कागदावर ती वनजमिनीच्या कायद्याखाली येते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे खांबसुद्धा रोवता येत नाही.

ई-क्लास, म्हणजे चराईची सरकारी जमीन, किंवा गायरान. गावकरी म्हणतात, "आपलीच तर जागा आहे." ती सरकारची आहे, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. गावाच्या सामायिक जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कडक निकाल दिला, तेव्हापासून अशी जागा सहजी मिळत नाही. शिवाय गुरं असलेल्या घरांचा विरोध पहिल्या दिवसापासून अंगावर येतो, आणि तो रास्त असतो.

बंद पडलेली जिल्हा परिषद शाळा. ही सगळ्यांत मोहाची जागा. इमारत गावात असली तरी मालकी जिल्हा परिषदेची. ग्रामसभेने "शाळा रेंजला द्यावी" असा ठराव केला तरी तो फक्त शिफारस ठरतो. आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन इमारत खरंच मोकळी आहे का ते विचारा.

सेवा सहकारी सोसायटीचं गोदाम. मापाने छान बसतं. पण खताचा हंगाम आला की तिथे पोती येतात. संचालक मंडळाचा ठराव आणि बारा महिन्यांचा लेखी करार नसेल तर जूनमध्ये तुमचे टार्गेट स्टँड बाहेर ओसरीवर दिसतील.

माझं मत विचाराल तर ग्रामपंचायतीच्या मालकीची, गावठाणातली, पक्क्या भिंतींची जुनी इमारत सगळ्यांत बरी. उघड्यावर रेंज नकोच. मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो. उघड्यावर चुकला तर तो धुऱ्यापलीकडच्या वावरात जातो, आणि तिथे निंदण करणाऱ्या बाया असतात.

सावध: टार्गेट आणि नेमबाज यांच्या मधल्या पट्ट्यात दार किंवा खिडकी असेल तर ती बुजवावी लागते, निदान आतून कायमची बंद करावी लागते. "कुणी येत नाही तिकडून" हे चालत नाही. मुलं तिकडूनच येतात.

टप्पा ३: भिंतीपलीकडची घरं

माझी स्वतःची चूक इथे सांगतो. पहिल्या वेळी आम्ही तीन दिवसांत सह्या गोळा केल्या. पारावर बसलेल्यांच्या, पानठेल्यावरच्या, व्यायामशाळेतल्या पोरांच्या. सगळे पुरुष, आणि एकाचंही घर त्या इमारतीजवळ नाही. इमारतीच्या मागच्या भिंतीला अंगणवाडी लागून होती, हे आम्हाला माहीत होतं, पण सेविकेला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ग्रामसभेत एक आजी उठल्या. "माह्या नातवाचा डोळा गेला तं कोन भरून देईन?" एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे उत्तर होतं, जाड भिंत होती, लोखंडी पत्रा होता. पण ते आम्ही त्या क्षणी सांगतोय, म्हणजे आधी लपवलं, असंच सगळ्यांना वाटलं. दोनशे सह्यांची चवड टेबलावर पडून राहिली.

म्हणून आता असं करा. जागेपासून हाकेच्या अंतरातली सगळी घरं कागदावर काढा, प्रत्येक घरी दोघांनी जा, त्यातली एक बाई असू द्या. घरात बाईमाणूस एकटी असेल तर ओसरीवरूनच बोला आणि "संध्याकाळी भाऊ आले की पुन्हा येतो" म्हणून परत जा. पहिल्या भेटीत सही मागू नका. एक वही न्या आणि त्या घराची भीती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वहीत साधारण हे येईल:

"आवाज किती होईल? सासऱ्याले झोप लागत नाही."
"छर्रा भिंतीबाहेर आला तं?"
"रात्री दारू पिऊन कोणी घुसलं अन् बंदूक उचलली तं?"
"शिसं विहिरीत उतरते म्हणतात."
"पोरींले येऊ द्यान का, का फक्त पोट्टे?"

वर्धा जिल्ह्यात आणखी एक प्रश्न येतो, आणि तो मनापासून येतो: सेवाग्रामच्या मुलखात बंदूक कशाला? त्याला वादाने उत्तर देऊ नका. त्या माणसाला प्रात्यक्षिकाला पुढच्या रांगेत बसवा.

आणि एक प्रश्न प्रत्येक गावात येतो, बहुधा हसत हसत: "यानं डुकरं मरतीन का? रोही पयतीन का?" इथे गप्प बसू नका. रानडुकरांनी ज्याची अख्खी मका लोळवली त्याचा राग खरा आहे, म्हणूनच त्याला खोटी आशा दाखवू नये. सरळ सांगा: ही बंदूक वन्यप्राण्यांसाठी नाही, तसा वापर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, पीकनुकसानीचा अर्ज वनविभागाकडे करायचा, तो भरायला आम्ही मदत करू. डुकरांच्या आशेने मिळालेला पाठिंबा तिसऱ्या महिन्यात उलटतो.

पडताळणी: लागून असलेल्या प्रत्येक घराची निदान एक शंका वहीत आहे का? वही कोरी असेल तर लोक सहमत आहेत असं धरू नका. ते अजून बोललेले नाहीत.

टप्पा ४: पोलीस ठाणं आणि वनविभाग

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे बरीच खाली. पण "परवाना लागत नाही" याचा अर्थ "पोलिसांना सांगायचं नाही" असा कुणीतरी काढतो, आणि मग पहिल्याच आठवड्यात निनावी तक्रारीवरून गाडी दारात उभी राहते.

आधी पोलीस पाटलांशी बोला. मग ठाण्यात लेखी माहिती द्या: जागा, वेळ, किती बंदुका, चावी कुणाकडे. बंदुका आल्या की प्रत्येकीचा क्रमांक आणि खरेदीची पावतीही द्या. पोच घ्या. गडचिरोली किंवा गोंदियाच्या, नक्षलवादाची झळ सोसलेल्या भागात हे पहिल्या पानाआधीच करा. तिथे बंदूक या शब्दालाच वेगळं वजन आहे, आणि पोलिसांचा होकार नसेल तर पुढे जाऊ नये.

ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासचं गाव असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाही तेच पत्र द्या. त्यांच्या हाती आधी पत्र पडलं तर रेंज ही रेंज राहते. आधी अफवा पोचली तर ती शिकाऱ्यांचा अड्डा होते.

टप्पा ५: प्रात्यक्षिक

हे संध्याकाळी, त्याच इमारतीत करा. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते ती वेळ टाळा. प्रशिक्षक स्वतः हजर असलाच पाहिजे, त्याच्याशिवाय एकही छर्रा उडवू नका.

बंदूक पेटीतून निघाली पाहिजे, खांद्यावर टाकून आणायची नाही. नळीत भगव्या रंगाची सेफ्टी दोरी घातलेली दिसली पाहिजे: ती आत आहे तोवर छर्रा भरता येत नाही, हे हातात देऊन दाखवा. मग एक छर्रा एखाद्या आजीबाईंच्या तळहातावर ठेवा. मग टार्गेटचं कार्ड फिरवा. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. ज्या बाया हातावर शेवया वळतात, सुईत दोरा ओवतात, त्या हे कार्ड पुरुषांपेक्षा जास्त वेळ धरून बघतात. हा नेमका कसला खेळ आहे, ते भाषणाने कळत नाही, त्या ठिपक्याने कळतं.

मग चार-पाच जणांना शेजारच्या घराच्या अंगणात बसवा, रेंजचं दार लावा आणि दहा छर्रे उडवा. बाहेर किती ऐकू आलं ते त्यांनाच गावाला सांगू द्या. आवाज टाळीसारखा असतो. पत्र्याचं छत असेल तर थोडा जास्त घुमतो, तेही दडवू नका.

शेवटी छर्रे अडवणारी पेटी उघडून दाखवा. लोखंडी पत्रा तिरका बसवलेला, छर्रा आदळून खाली ट्रेमध्ये पडतो. त्यामागे वाळूची पोती.

सावध: जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीने प्रात्यक्षिक करू नका. त्यातल्या काहींत गोल पोलादी गोळ्या वापरतात, त्या पत्र्यावरून उसळून मागे येतात. रेंजवर फक्त शिशाचे, चपट्या तोंडाचे छर्रे, हा नियम त्या दिवसापासूनच पाळा. आणि गर्दीतल्या कुणालाही, सरपंचांनाही, "एक मारून बघा" म्हणून बंदूक देऊ नका. माझ्या मते पाहुण्यांना खूश करण्याच्या या सवयीने खेळाचं जितकं नुकसान होतं तितकं विरोधकांनीही होत नाही.

टप्पा ६: अटींचा कागद

टप्पा ३ मधली वही आता उघडा. प्रत्येक शंकेसमोर एक अट लिहा. उपदेश नको, करता येईल अशी अट.

आवाजासमोर: सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७, दुपारी बंद. तसंही मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कुणी उभं राहू शकत नाही. चोरीसमोर: बंदुका भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात, छर्रे दुसऱ्या जागी, दोन कुलपं, दोन चाव्या दोन वेगळ्या घरांत. शिशासमोर: कोरडा झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, ट्रेमधलं शिसं मोजून डब्यात, आत खाणं-पिणं नाही, बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे, लहान लेकरांना आणि गरोदर बायांना आत प्रवेश नाही. मुलींसमोर: मुलींची वेळ वेगळी ठेवायची की एकत्र, ते त्यांच्या आयांना ठरवू द्या. कोणत्याही मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नाही, नेहमी दोन.

शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची: कुणी बंदूक रेंजबाहेर नेली किंवा पाखरावर छर्रा मारला, तर तो कायमचा बाहेर, आणि त्या दिवसापासून रेंज बंद. ती पुन्हा उघडायची की नाही, ते शेजारची घरं ठरवतील.

हा कागद घेऊन पुन्हा त्याच घरी जा. सह्या आता घ्या. "रेंज हवी" या वाक्याखाली नव्हे, या अटींखाली. अशी पंधरा घरं पारावरच्या दोनशे सह्यांना भारी पडतात.

टप्पा ७: महिला सभा, मग ग्रामसभा

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. तुमचा विषय तिथे खरोखर मांडा. बचत गटाच्या अध्यक्षा, आशाताई, अंगणवाडी सेविका यांना अटींचा कागद आठवडाभर आधी द्या.

विषय ग्रामसभेच्या सूचनेत छापला गेला पाहिजे. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात घुसवलेला ठराव कुणीही उलटवू शकतो, आणि गावाच्या मनात कायमचा किंतु राहतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, म्हणून काही जण मुद्दाम त्या सभेची वाट बघतात. कायद्याने चालेल. तरी करू नका. वीस माणसांनी मंजूर केलेली रेंज वीस माणसांचीच राहते. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या वेगळ्या पंचायत कायद्याखाली, असाल तर तुमच्या पाड्याची ग्रामसभा वेगळी आहे का ते आधी बघा.

ठरावाची भाषा ढिली असते ही नेहमीची चूक. "नेमबाजी केंद्रास जागा देण्यात यावी" एवढंच लिहिलं की वर्षभराने कुणी विचारतं, मग काडतुसं पण आणणार का? ठरावात हे यावं: इमारतीचा मिळकत क्रमांक आणि मापं, "फक्त ४.५ मिलिमीटर एअर रायफल व एअर पिस्तूल", वेळा, मुदत, भाडं, चालवणाऱ्या संस्थेचं नाव, "सोबत जोडलेल्या अटी मोडल्यास करार रद्द", आणि देखरेख समिती. समितीत लागून असलेल्या घरांतले निदान दोघे, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि एक पालक. किती वर्षांच्या करारासाठी वरची मंजुरी लागते ते ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, सभेआधीच विचारून घ्या.

पडताळणी: सही-शिक्क्याची प्रत आठवड्यात हातात आली का? अटींचा कागद तिला जोडलेला आहे का?

टप्पा ८: पैसा, आता

संस्था नसेल तर निदान सात जणांनी सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करा. धर्मादाय कार्यालयाला वेळ लागतो, म्हणून अर्ज टप्पा २ च्या सुमारासच टाकलेला बरा. जवळ कोळसा खाण, सिमेंट किंवा वीज प्रकल्प असेल तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, मार्ग खुला आहे: कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण येतं. त्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकर विभागाची धर्मादाय संस्थांसाठीची नोंदणी (जिला लोक १२ए, ८०जी म्हणतात) आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते. जिल्हा क्रीडा कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाचीही चौकशी करा.

खर्चाचा क्रम: आधी छर्रे अडवणाऱ्या पेट्या, बुजवलेल्या खिडक्या, कपाट. मग प्रकाश, टार्गेटवर निदान १५०० लक्स, आणि भारनियमनासाठी इन्व्हर्टर. बंदुका सगळ्यांत शेवटी. लाखाच्या वरची परदेशी रायफल आधी घेऊन ती वर्षभर पलंगाखाली ठेवलेली मी पाहिली आहे. हवेच्या सिलिंडरची रायफल घेतली तर ती २०० बार दाबापर्यंत भरायची सोय किती किलोमीटरवर आहे, तेही आधी बघा. सुरुवातीला दोन साध्या रायफली आणि एक पिस्तूल पुरतं.

वर्गणी मागताना पदकाचं आणि नोकरीचं आमिष दाखवू नका. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते ठरावीक पातळीवरच्या कामगिरीला मिळतं. कांबळवाडीच्या ऑलिम्पिक पदकविजेत्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं नाव घेऊन वर्गणी मागितली तर प्रत्येक बाप आपल्या पोराकडून तेच मागेल, तेही सहा महिन्यांत.

टप्पा ९: पहिले सहा महिने

पहिले पंधरा दिवस छर्राच भरू नका. उभं राहणं, रिकामी बंदूक, आणि "लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड" हे चार हुकूम. "स्टॉप" म्हटलं की बोट ट्रिगरवरून निघालंच पाहिजे, मधल्या श्वासातही. ज्याचं निघत नाही त्याला त्या दिवशी घरी पाठवा, तो देणगीदाराचा मुलगा असला तरी.

दाराशी एक वही टांगा: कोण आलं, किती वाजता, किती छर्रे दिले, किती परत आले, चावी कुणाला दिली. महिन्याच्या शेवटी बेरीज फळ्यावर लिहा, ट्रेमधल्या शिशाच्या वजनासकट. देखरेख समितीतल्या शेजाऱ्यांना न सांगता कधीही आत यायची मुभा द्या, आणि ते आले तर खुर्ची द्या, चहा बाहेर द्या.

सहा महिन्यांनी पुन्हा ग्रामसभेत जा, कुणी बोलावलं नसलं तरी. वही वाचून दाखवा. कोणती अट मोडली, केव्हा, काय केलं, ते स्वतःहून सांगा. मग तीच अटींची यादी पुन्हा समोर ठेवून विचारा: यात काय वाढवायचं?